कोण आलं, कोण आलं नाही
(आखाती चषक फुटबॉल स्पर्धेवरील पुस्तकाची प्रस्तावना)

21 डिसेंबर 2024 च्या संध्याकाळी कुवेतमध्ये अर्दियाच्या जाबेर अल्-अहमद स्टेडियमवर आखाती चषकाच्या सव्विसाव्या स्पर्धेचं उद्घाटन झालं. अमीर शेख मिशाल अल्-अहमद यांचे खास पाहुणे म्हणून भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी तिथे हजर होते. त्याच दिवशी ते मीना अब्दुल्लाच्या कामगार वस्तीतही जाऊन आले होते. मीना अब्दुल्ला मी राहतो त्या फहाहीलपासून थोडंच दक्षिणेला, रिफायनरीच्या पट्ट्यात. भारतीय पंतप्रधान कुवेतला येण्याची 43 वर्षांतली ती पहिलीच वेळ, त्यामुळे भारतातल्या वाहिन्यांनी तो दिवस भरभरून दाखवला. स्टेडियमवरची रोषणाईही दिसली. पण त्या मैदानावर काय चाललं होतं, कोणती स्पर्धा होती, डिसेंबरच्या थंडीत हजारो माणसं जाकिटं चढवून कशासाठी जमली होती, हे फारसं कुणी सांगितलं नाही. ती राहून गेलेली गोष्ट सांगायला हे पुस्तक लिहिलं आहे.

आखाती चषक म्हणजे कुवेत, सौदी अरेबिया, बहारीन, कतार, संयुक्त अरब अमिराती, ओमान, इराक आणि येमेन या आठ देशांच्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा. इथे तिला सगळे ‘खलीजी’ म्हणतात आणि पुढे नुसता क्रमांक जोडतात: खलीजी 23, खलीजी 26. आखाताचा सगळा उत्तर किनारा इराणचा, पण इराण या स्पर्धेत कधीच खेळला नाही. येमेनचा किनारा आखाताला लागतही नाही, तरी 2003 पासून तो आहे. शेजारी कोणाला म्हणायचं हे इथे नकाशाने ठरवलेलं नाही. भाषा, सोयरीक, वाळवंटातल्या टोळ्यांची जुनी नाती आणि राजघराण्यांचे एकमेकांशी असलेले संबंध यांनी ते ठरवलं आहे.

फिफाच्या वेळापत्रकात या स्पर्धेला जागा नाही. त्यामुळे परदेशी क्लबांवर खेळाडू सोडण्याचं बंधन नसतं, आणि जागतिक फुटबॉलवर लिहिणारे तिला दोन ओळींत उरकतात. इथल्या माणसांचा हिशेब वेगळा आहे. विश्वचषकाला कुवेतचा संघ एकदाच, 1982 मध्ये गेला. आशियाई चषक त्याने एकदाच, 1980 मध्ये जिंकला. आखाती चषक मात्र दहा वेळा जिंकला. या देशातल्या माणसाला फुटबॉलचा अभिमान वाटतो, त्याचा मोठा वाटा या स्पर्धेने दिलेला आहे. ब्राझीलकडून हरल्याचं दुःख कुणी जन्मभर बाळगत नाही. शेजाऱ्याकडून हरलेला सामना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर, भाजीच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात पुन्हा समोर येतो. मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम समोरासमोर आल्या की पेठांमध्ये काय होतं ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. म्हणून खलीजीतली ईर्षा मला कुणी समजावून सांगावी लागली नाही.

स्पर्धेचा इतिहास जमवायला बसलो तेव्हा सुरुवातीला गोल, गोल करणारे, कर्णधार, प्रशिक्षक अशा याद्याच केल्या. पुढे पुढे माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जास्त जाऊ लागलं: कोणत्या वर्षी कोण आलं, कोण आलं नाही, आणि कोण अर्ध्यातून उठून गेलं. आखाताच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या राजकारणात जे जे मोठं घडलं, ते बहुतेक सगळं त्या नोंदीत उतरलेलं आहे. मला या पुस्तकात मुख्यतः हेच म्हणायचं आहे.

सुरुवातच बघा. 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकच्या वेळी या स्पर्धेची कल्पना पुढे आली आणि मार्च 1970 मध्ये बहारीनला पहिली स्पर्धा भरली. चार संघ होते: बहारीन, कुवेत, कतार आणि सौदी अरेबिया. यजमान बहारीन तेव्हा स्वतंत्र देशही नव्हता. बहारीन ऑगस्ट 1971 मध्ये ब्रिटिशांच्या संरक्षणातून बाहेर पडला, कतार सप्टेंबरमध्ये. म्हणजे या दोन देशांचे राष्ट्रीय संघ स्वातंत्र्याच्या आधीच मैदानात उतरले होते. अमिरातीची गोष्ट आणखी विलक्षण आहे. 2 डिसेंबर 1971 ला हा देश जन्माला आला आणि मार्च 1972 मध्ये त्याचा संघ दुसऱ्या आखाती चषकासाठी रियाधला हजर होता. पहिल्याच सामन्यात त्यांनी कतारला 1-0 असं हरवलं. आपण सगळे मिळून एक देश झालो आहोत हे अबुधाबी, दुबई, शारजाच्या सामान्य माणसाला कधी जाणवलं असेल? कराराच्या कागदापेक्षा त्या अकरा जणांकडे पाहून ते जास्त जाणवलं असेल, असं मला मनापासून वाटतं. ओमान 1974 मध्ये आला, इराक 1976 मध्ये. आखाती देशांची सहकार्य परिषद स्थापन झाली ती मे 1981 मध्ये. एकत्र बसायची सवय या देशांना फुटबॉलने तिच्या अकरा वर्षं आधी लावली होती.

पहिल्या चारही स्पर्धा कुवेतने जिंकल्या: 1970, 1972, 1974 आणि 1976. याची कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. कुवेत 1961 मध्येच स्वतंत्र झाला होता, तेलाचा पैसा शेजाऱ्यांपेक्षा आधी हाती आला होता, आणि त्यातला काही क्लबांवर खर्च झाला होता. फहाहीलचा क्लबही त्याच काळातला, 1964 चा. नायिफ अल्-दब्बूस स्टेडियम हे त्याचं घरचं मैदान. कुवेतने प्रशिक्षक आणले तेही थेट ब्राझीलहून. 1970 चा विश्वचषक जिंकून देणारे मारियो झगालो इथे आले आणि त्यांच्यानंतर कार्लोस अल्बेर्तो परेरा. परेरा यांच्या हाताखाली कुवेतने 1980 चा आशियाई चषक जिंकला, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला 3-0 असं हरवून. त्याच परेरांनी पुढे 1994 मध्ये ब्राझीलला विश्वविजेतं केलं.

त्या पिढीच्या खेळाडूंची नावं आजही इथल्या म्हाताऱ्यांच्या जिभेवर आहेत. 31 डिसेंबर 2024 ला कुवेत आणि बहारीनचा उपांत्य सामना होता. तिकीट न मिळाल्यामुळे मी फहाहीलच्या जुन्या बाजारामागच्या गल्लीतल्या एका चहाच्या दुकानात तो पाहिला. दुकान मल्याळी माणसाचं. करक चहाचं पातेलं एका बाजूला उकळत होतं, भिंतीवर टीव्ही. बाकावर दोन इजिप्शियन इलेक्ट्रिशियन, ड्युटीवरून तसाच आलेला पिवळ्या गणवेशातला बांगलादेशी सफाई कामगार, आणि दाराजवळच्या खुर्चीत एक वयस्क कुवेती गृहस्थ, अंगावर लोकरीचा जाड दिशदाशा, बोटांत मणी. बहारीनचा एक खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेला तेव्हा सगळं दुकान ओरडलं. आता सामना आपलाच, असं सगळ्यांना वाटलं. मग दहा खेळाडूंच्या बहारीनने गोल केला आणि 1-0 असा सामना जिंकला. दुकानात कुणी बोलेना. त्या गृहस्थांनी सगळ्यांसाठी आणखी एकेक चहा सांगितला आणि जुन्या कुवेती माणसांना येते तशा हिंदीत, एकेक मणी सरकवत, ते नावं घेऊ लागले. जासिम याकूब. फैसल अल्-दखील. फथी कामील. अब्दुलअझीझ अल्-अंबरी. 1976 च्या स्पर्धेत याकूबने नऊ गोल केले होते, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. त्यांचे वडील मुंबईला व्यापाराला येत असत, हेही सांगितलं. 1961 पर्यंत या देशात रुपया चालत होता, हे त्यांच्या पिढीला पुस्तकात वाचावं लागत नाही.

आता 1990 कडे येतो. या पुस्तकाचं सर्वांत लांब प्रकरण त्याच वर्षाचं आहे, आणि ते लांबवल्याबद्दल मला जराही खंत नाही. दहावी स्पर्धा फेब्रुवारी-मार्च 1990 मध्ये कुवेतला झाली. सौदी संघ आला नाही. स्पर्धेचं बोधचिन्ह दोन घोडे होते आणि त्यात सौदींना 1920 च्या जहराच्या लढाईचा संदर्भ दिसला. त्या लढाईत कुवेतींनी नज्दहून आलेल्या, सौदींच्या बाजूच्या इखवान सैन्याला रोखलं होतं. सत्तर वर्षांपूर्वीच्या जखमेवरून एक शेजारी रुसला. दुसरा शेजारी, इराक, आला. पण रेफरींच्या निर्णयांवर नाराज होऊन अर्ध्यातून परत गेला. कुवेतने चषक जिंकला, लोकांनी समुद्रकाठच्या रस्त्यावर हॉर्न वाजवत गाड्या फिरवल्या. ती स्पर्धा मार्चमध्ये संपली. 2 ऑगस्टच्या पहाटे इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं.

त्या दिवशी दसमान राजवाड्यापाशी शेख फहद अल्-अहमद मारले गेले. कुवेतच्या फुटबॉलचा सगळा भार ज्यांनी वर्षानुवर्षं वाहिला, ते हेच. जगाला ते एका प्रसंगासाठी आठवतात: 1982 च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात, प्रेक्षकांतून आलेल्या शिटीमुळे आपले खेळाडू थबकले आणि गोल झाला, म्हणून ते थेट मैदानात उतरले होते आणि रेफरींनी तो गोल रद्द केला होता. युरोपातल्या लेखकांनी त्याचा विनोदच करून ठेवला. कुवेतमध्ये त्यांची आठवण निघते तेव्हा लोक दसमानबद्दल बोलतात. मला वाटतं त्या माणसाच्या आयुष्याचं माप तिथेच घ्यायला हवं.

त्या ऑगस्टनंतर इराक या स्पर्धेत दिसला नाही. 1992 पासून सलग सहा स्पर्धा त्याच्याशिवाय झाल्या. इराक परतला तो डिसेंबर 2004 मध्ये, दोहाला. आणि जानेवारी 2023 मध्ये पंचविसावी स्पर्धा बसरा शहरात भरली. इराकला यजमानपद मिळालं ते 1979 नंतर पहिल्यांदा. आमच्या ओळखीतले कितीतरी कुवेती तरुण सफवानची सीमा ओलांडून गाडीने बसऱ्याला गेले. 1990 मध्ये रणगाडे ज्या वाटेने आले त्याच वाटेने उलट दिशेला. बसऱ्याच्या लोकांनी आखातातून आलेल्या प्रेक्षकांसाठी घरं उघडली, जेवू घातलं, पैसे घेतले नाहीत. परत आलेली मुलं हे सांगताना गहिवरत होती. अंतिम सामन्याच्या दिवशी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी झाली, जीवितहानी झाली. इराकने ओमानला जादा वेळेत 3-2 असं हरवलं. बसऱ्याबद्दल लिहिताना आतिथ्य आणि चेंगराचेंगरी, दोन्ही सांगायला हवं.

2017 चं प्रकरणही माझ्या फार जवळचं आहे. त्या वर्षी जूनमध्ये सौदी, अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. तेविसावी स्पर्धा दोहाला व्हायची होती. त्यांपैकी स्पर्धेत खेळणारे तिघे तिकडे जाणार नाहीत हे उघड होतं. इकडे कुवेतवर फिफाची बंदी ऑक्टोबर 2015 पासून होती, कारण होतं खेळाच्या कारभारात सरकारी हस्तक्षेपाला वाव देणारे कायदे. 6 डिसेंबर 2017 ला ती बंदी उठली आणि 22 डिसेंबरला स्पर्धा कुवेतमध्ये सुरू झाली! सोळा दिवसांत. कतारने यजमानपद सोडलं, कुवेतने ते घेतलं, आणि आठही संघ आले. कतार आणि कतारच्या विमानांना हद्द बंद केलेले देश एकाच शहरातल्या हॉटेलांत उतरले. कुवेतचे तेव्हाचे अमीर शेख सबाह अल्-अहमद त्या वादात मध्यस्थी करत होते. त्यांच्या सगळ्या प्रयत्नांत सामान्य माणसाला डोळ्यांनी दिसेल असं काही घडलं असेल तर ते या स्पर्धेत. कुवेतचा स्वतःचा संघ गटातच बाद झाला, पण शहरात त्याचं दुःख फार काळ टिकलं नाही. अंतिम सामन्यात ओमानने अमिरातीला पेनल्टींवर हरवलं. सामना संपल्यावर गॅलरीचा काचेचा कठडा तुटला आणि ओमानी प्रेक्षक जखमी झाले.

दोन वर्षांनी दोहाला चोविसावी स्पर्धा ठरली. आधी तिघांनी नकार दिला, मग नोव्हेंबर 2019 मध्ये येतो म्हणून कळवलं, आणि गट नव्याने पाडावे लागले. बहारीनने सौदीला 1-0 असं हरवून पहिल्यांदाच चषक जिंकला. पहिल्या स्पर्धेच्या यजमानाला जिंकायला 49 वर्षं लागली. राजकीय समेटाचा करार अल्-उला इथे झाला तो त्यानंतर, जानेवारी 2021 मध्ये. फुटबॉलमुळे समेट झाला असं मी म्हणत नाही. असं लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याशी मी सहमत नाही. समेट राज्यकर्त्यांनी आपापल्या गरजेने केला. पण तो होऊ घातला आहे हे सामान्य माणसाला आधी कळलं ते संघ आल्यावरून. खेळाचं मोल मला इथे दिसतं, आणि ते काही थोडं नाही.

कुवेतने शेवटचा चषक 2010 मध्ये एडनला जिंकला. त्यानंतर शेजाऱ्यांनी पूर्ण व्यावसायिक लीग उभ्या केल्या, अकादम्या काढल्या. कुवेतची वर्षं मात्र कायद्यांच्या भांडणात आणि बंद्यांमध्ये गेली. 2014 मध्ये ओमानने कुवेतला 5-0 असं हरवलं, त्या रात्रीचं वर्णन पुस्तकात आहे. बदर अल्-मुतवासारखा खेळाडू, ज्याने देशासाठी सुमारे दोनशे सामने खेळले, त्याच्या कारकिर्दीची ऐन वर्षं या गोंधळात वाया गेली. मला याचा राग येतो आणि तो राग पुस्तकात लपवलेला नाही.

मराठी वाचकाने हे सगळं का वाचावं? एक कारण सरळ आहे. भारताचे शेजारी कोण आणि आपण त्यांच्याशी कसे खेळतो, हा प्रश्न आपल्यालाही आहे. 2023 मध्ये दक्षिण आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कुवेतला पाहुणा संघ म्हणून बोलावलं होतं. 4 जुलैला बेंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर भारत आणि कुवेतचा अंतिम सामना 1-1 असा सुटला आणि भारताने पेनल्टींवर 5-4 असा जिंकला. गोलरक्षक गुरप्रीतने शेवटची पेनल्टी अडवली. त्याच वर्षी 16 नोव्हेंबरला विश्वचषक पात्रता सामन्यासाठी भारतीय संघ इथे जाबेर स्टेडियमवर आला आणि मनवीर सिंगच्या गोलवर 1-0 असा जिंकला. त्या रात्री फहाहील, मंगाफ, महबूला इथली निम्मी भारतीय वस्ती स्टेडियमवर होती असं वाटावं इतके आपले लोक होते. इथे जन्मलेली आमची मुलं खलीजीत निळा शर्ट घालून कुवेतसाठी ओरडतात. त्या रात्रीही त्यांनी निळाच शर्ट घातला होता, भारताचा. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपेपर्यंतच इथे राहायचं आहे हे त्यांना माहीत असतं. तरी या देशाचा संघ हरला की त्यांना मनापासून वाईट वाटतं. ही आपुलकी खरी आहे, आणि कुठल्याही कागदावर तिची नोंद नाही. ती व्हावी, ही माझी इच्छा या पुस्तकामागे आहे.

दुसरं कारण आठवणींचं आहे. 1970 आणि 80 च्या दशकांत कुवेतमध्ये मराठी कुटुंबं होती. तेल कंपन्यांत, इस्पितळांत, बँकांत, शाळांत. त्यांच्यापैकी काहींनी 1974 ची स्पर्धा इथे पाहिली, काहींनी 1990 ची. ऑगस्ट 1990 नंतर सुमारे 1 लाख 70 हजार भारतीय कुवेत आणि इराकमधून, बहुतांशी अम्मानमार्गे, विमानांनी भारतात परतले. त्यांत पुण्या-मुंबईचे, कोकणातले, कोल्हापूर-सांगलीचे लोकही होते. बहुतेकांनी घरातलं सामान होतं तिथे सोडलं. कुवेतमधल्या दफ्तरांचंही त्या काळात मोठं नुकसान झालं, त्यामुळे आधीच्या स्पर्धांबद्दल लिहिताना मला जागोजागी वृत्तपत्रांची कात्रणं आणि लोकांची स्मरणशक्ती यांवर अवलंबून राहावं लागलं. ज्या तारखेची वा आकड्याची खात्री झाली नाही ती मी गाळली आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या घरात कुणी त्या काळी कुवेत, बहारीन किंवा बगदादला नोकरीला होतं का, ते विचारा. जुन्या बॅगेत सामन्याचं तिकीट, कार्यक्रमपत्रिका, स्टेडियमवर काढलेला फोटो, अरबी वर्तमानपत्राचं पान असं काही निघालं तर ते टाकून देऊ नका. त्याची एक प्रत प्रकाशकांच्या पत्त्यावर पाठवा, मागे वर्ष आणि गाव लिहून. पुढच्या आवृत्तीत ते पाठवणाऱ्याच्या नावाने छापलं जाईल.

फहाहील, कुवेत